मागं वळून बघायचं न्हाय!

हसणार नसाल तर सांगतो. न्हाय, हसणारच तुम्ही, पण आधी तो चहाचा कप खाली ठेवा. अंगावर सांडला तर मी जबाबदार न्हाय!

कसबा बावड्यात आपलं जनावरांच्या खाद्याचं दुकान हाय, ते तुम्हाला म्हाईतच हाय. गल्ल्यावर बसून बसून पोट असं सुटलंय की बुटाची नाडीसुद्धा बायको बांधती. तर माझा मेव्हणा, जयसिंगपूरचा सुन्या, गणपतीत जेवायला आलता. भरल्या पंगतीत मला काय म्हणावं त्यानं?

"दाजी, डिसेंबरात आमचा ग्रुप हिमालयात ट्रेकला चाललाय. तुम्हाला न्हेलं असतं ओ, पण तुम्हाला माडीवर चढतानाच धाप लागती!"

सगळी पंगत हसली. बायको पण! बाकीच्यांचं सोडा, तिचं हसणं लई लागलं मनाला. म्हणलं, "घाल माझं नाव!"

"घालतो की. पण दिवाळीपर्यंत दम वाढवून दाखवायचा. न्हायतर नाव कट."

झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी सुरुवात. सॅकमध्ये वजन पाहिजे म्हणं. मग आपल्या दुकानात वजनाला काय तोटा? सरकीच्या पेंडीनं सॅक गच्च भरली. कानात इयरफोन घातलं आणि एका मोटिव्हेशनवाल्या सरांचं भाषण लावलं. सर बोंबलत होते, "ध्येयाकडे निघालेला माणूस मागे वळून बघत नाही!"

पटलं की ओ मला! ठरवलं, घरापासनं नदीच्या बंधाऱ्यापर्यंत ताडताड चालायचं आणि मागं वळून म्हणून बघायचं न्हाय. बंधाऱ्यावर पोचलो की डोळं मिटून आडवा पडायचो. डोळं उघडावं तर समोर पाण्यात एक म्हैस डुंबत असायची. असंल कुणाची तरी, आपल्याला काय! येताना रिक्षा. आणि घाम गाळलाय म्हणल्यावर मिसळ नको व्हय?

आठवड्याभरात काय चमत्कार! रस्त्याकडंची माणसं थांबून बघायला लागली. टाळ्या वाजवायला लागली. कानात सर बोंबलत असल्यामुळं मला ऐकू काय यायचं न्हाय, पण खुललेली तोंडं दिसायची की! मी पण पुढाऱ्यागत हात हलवायचो. म्हणलं, बघा, एका माणसाच्या जिद्दीनं अख्खं बावडं पेटलं!

आणि मधनंच मानेवर गरम गरम वाफारा यायचा. म्हणलं, आली, चरबी जळायला आली! मग मी आणखी जोरात चालायचो.

एक दिवस बाळू गवळी दुकानात आला. माझा हातच धरला त्यानं. "मालक, लई उपकार झालं. तुमच्यामुळं काय दम वाढलाय म्हणून सांगू!"

मला वाटलं, माझं बघून हा पण चालायला लागला. म्हणलं, "माझं काय न्हाय रं, जिद्द पाहिजे."

"ते काय न्हाय. पाडव्याला मैदानावर यायचं. तुमचा सत्कार करणार आम्ही!"

मी लगेच सुन्याला फोन लावला. "ये आणि बघ. गाव तुझ्या दाजीचा सत्कार करतंय!" सुन्या पण गार पडला. म्हणाला, "दाजी, गाव सत्कार करत असंल तर मग नाव पक्कं!"

पाडव्याला मी ट्रेकचे बूट, पाठीवर सॅक, असा स्टेजवर. समोर बायको आणि सासरची सगळी मंडळी. मैदानात म्हशींची शर्यत. शिंगं रंगवलेल्या, मोरपिसं लावलेल्या म्हशी आपापल्या मालकाच्या मोटारसायकलीमागं सुसाट पळत हुत्या. बाळूची म्हैस, राणी, पहिली आली. बाळू तिला घेऊनच स्टेजवर चढला आणि माइक हातात घेतला.

"मंडळी! पहिल्या दिवशी राणी पेंडीच्या वासानं आपली आपणच ह्या दुकानवाल्या मालकांच्या मागं लागली. मी म्हणलं, जाऊ दे की! तवापासनं मालकांनी रोज तिला बंधाऱ्यापर्यंत ताणली. एकदा मागं वळून बघितलं न्हाय ओ पठ्ठ्यानं! असला दिलदार माणूस बघितलाय काय कुठं?"

टाळ्या! शिट्ट्या! हार पुढं आला. मी मान वाकवली. हार राणीच्या गळ्यात गेला.

मला काय सुधरंना. तेवढ्यात मानेवर वाफारा आला. तोच, ओळखीचा! तेव्हा मी पहिल्यांदा मागं वळून बघितलं.

शिंगं!

उडी मारली आणि पळालो की मैदानात! पाठीवरची पेंड टाकायचं पण सुचलं न्हाय. पाव मैदानात माझा दम संपला आणि मी धाडकन आडवा झालो. राणीनं शांतपणे सॅक फाडली आणि पेंड खायला लागली. तिला धाप म्हणून लागली नव्हती.

सुन्या माझ्या उशाशी येऊन उभा राहिला. "दाजी, दम कुणाचा वाढलाय ते बघितलं. नाव राणीचं घालू?"

बायको पदर तोंडाला लावून हसत हुती. ह्या वेळी तर डोळ्यातनं पाणी काढून!

सुन्याचा ग्रुप हिमालयाला जाऊन पण आला. आणि माझ्या दारात आता सकाळी सकाळी अख्ख्या बावड्यातलं गवळी म्हशी घेऊन उभं असतात. "मालक, आमची पण तयार करा की!" आता कुणाकुणाला न्हाय म्हणणार? सगळी दुकानाची गिऱ्हाईकं!

बुटाची नाडी अजून बायकोच बांधती. बांधून झाली की सॅक पाठीवर चढवती आणि म्हणती,

"निघा बिगीबिगी. मागची मंडळी खोळंबल्यात."