फुंकणीवाल्या मामांचा श्वास

काचेच्या कारखान्यात सगळे त्यांना मामा म्हणायचे. नावाने हाक मारायची कुणाची छाती नव्हती. प्रयोगशाळेत लागणाऱ्या गोल बुडाच्या बाटल्या फुंकाव्यात त्या मामांनीच. लोखंडी फुंकणीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, तो फिरवत फिरवत त्यात श्वास सोडायचा, आणि भिंत सगळीकडून सारखी पातळ आली पाहिजे. मामा फुंकायला लागले की भट्टीपाशी कुणी शिंकायचं नाही, असा नियम होता. तो मामांनीच केला होता, हे सांगायला नकोच.

अशा माणसाला छातीच्या तपासणीत नापास केलं. ही तपासणी कारखान्यात दरवर्षी व्हायची आणि मामा दरवर्षी काहीतरी सबब काढून सटकायचे. यंदा सापडले. यंत्रात फुंकले आणि निकाल आला: श्वास कमी.

"छातीच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा," मॅनेजर म्हणाले. "तोवर फुंकणीला हात लावायचा नाही."

मामांच्या अंगाचा तिळपापड झाला. माशाला पोहता येत नाही म्हटल्यासारखंच होतं ते. पण त्या रात्री झोप काही लागली नाही. फुंकणी गेली तर आपण उरतो कोण, याचं उत्तर त्यांना सापडेना. सकाळी मामींना घेऊन ते दवाखान्यात हजर झाले.

डॉक्टरीण त्यांच्या मुलीच्या वयाची निघाली. तिने नाकाला चिमटा लावला, तोंडात पुठ्ठ्याची नळी दिली. "काका, छाती भरून श्वास घ्या आणि सोडा एकदम."

मामांनी श्वास घेतला आणि सोडला. हळू, एकसारखा, तुपाच्या धारेसारखा. तो संपेचना. मामींची भिंतीवरची सगळी सूचनापत्रं वाचून झाली, तरी मामांचं चालूच.

डॉक्टरीण हसायला लागली. "काका, बाटली करताय का?"

"म्हणजे?"

"हवा जपून सोडताय तुम्ही. पहिल्या एका सेकंदात किती बाहेर पडते, ते मला बघायचंय."

"एकदम सोडली तर काच फाटते, पोरी."

"इथे काच नाहीये."

बोलणं सोपं होतं. जन्मभर ज्या गालांना आवर घातला, ते एकाएकी ऐकतील कसे? दुसऱ्या खेपेलाही धार, तिसऱ्या खेपेलाही धार. शेवटी मामीच वैतागल्या. "अहो, माझ्यावर ओरडता तसा सोडा की!"

आणि काय आश्चर्य, तो बरोबर सुटला. पडद्यावरची रेघ सरळ वर चढली. फुंकण्यात काही कमी नव्हतं. मामांनी मिशीवरून हात फिरवला आणि आता छातीतल्या यंत्राची जातकुळी विचारायला ते मोकळे झाले.

"मला एक सांग. मी फुंकतो ती हवा छातीतल्या भात्यातून येते. आत ढकलतं कोण तिला?"

"कुणीच ढकलत नाही. फुफ्फुसाला स्वतःचे स्नायूच नसतात. त्याच्याखाली श्वासपटल म्हणून एक पडदा असतो. तो खाली ओढला जातो, फासळ्या वर उचलल्या जातात, आत जागा होते आणि हवा आपसूक येते."

"बरं. आणि आल्यावर जाते कुठे?"

"नळीला फाटे, फाट्यांना फाटे, आणि अगदी टोकाला बारीक बारीक फुगे. वायुकोश म्हणतात त्यांना. कित्येक कोटी असतात."

"कोटी?" मामा खुर्चीच्या कडेवर आले. "आणि भिंत केवढी?"

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नसावा. "केसाच्या शंभराव्या हिश्श्याहून पातळ. एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला रक्त. प्राणवायू भिंतीतून रक्तात जातो, कार्बन डायऑक्साइड रक्तातून हवेत येतो. सगळे फुगे उलगडून पसरले, तर बॅडमिंटनचं जवळपास अख्खं मैदान झाकेल."

इतक्या पातळ भिंतीचा एक फुगा मामांकडून कधी झाला नव्हता, आणि इथे कोटींनी, तेही न फुंकता. त्यांनी सदऱ्यावरून छातीला जरा जपूनच हात लावला.

"आता हीच भिंत तपासू," ती म्हणाली. "थोडा वेगळा वायू आत घ्यायचा, दहा सेकंद धरायचा, सोडायचा. किती पलीकडे गेला ते यंत्र सांगतं."

श्वास धरणं हा तर मामांच्या हातचा मळ. त्यांनी तो असा धरला की मामींनाच गुदमरल्यासारखं झालं. पण या वेळी डॉक्टरीण हसली नाही. तिने चाचणी पुन्हा करून पाहिली, मग कारखान्याच्या तपासणीत काढलेला छातीचा फोटो दिव्यासमोर धरला.

"काका, भाता उत्तम आहे. भिंत थोडी जाड झालीय. हवा येते-जाते भरपूर, पण पलीकडे कमी पोचते. वाळूत काम करता का?"

करत होते. काचेसाठी बारीक दळलेली वाळू, सोडा आणि चुना मामा स्वतः मिसळायचे. दुसऱ्या कुणावर भरवसा नव्हता. पूड उडून माप बिघडू नये म्हणून पंखा बंद, खिडकी बंद. नाकाला फडकं बांधलेल्यांची ते यथेच्छ टिंगल करायचे.

"ती पूड फुग्यांत जाऊन बसते. मग आतून व्रण धरतात. झालं ते भरून येणार नाही, पण इथे थांबवता येईल. वाळूची खोली आजपासून बंद. वाळू बंद असेल तर फुंकणी तूर्त चालेल. दर सहा महिन्यांनी मात्र दाखवायचं."

फुंकणी राहिली होती! मामींनी हात जोडले. मामा उठलेही. तेवढ्यात डॉक्टरिणीने विचारलं, "कामाचे कपडे घरी नेता का?"

"नेतात ना," मामी मोठ्या अभिमानाने म्हणाल्या. "रोज मी आधी न्हाणीघरात दार लावून झटकते. उगाच घरभर धूळ नको. मग धुते."

मामा उभ्याउभ्याच थांबले. भिंत, फुगे, पूड, सगळं आताच समजावून घेतलं होतं त्यांनी. आणखी कुणी काही सांगायची गरज नव्हती.

"आता हिची चाचणी घे," ते म्हणाले.

"मला काय धाड भरलीय?" मामी म्हणाल्या.

"बस म्हणतो ना. बस गं."

त्यांचा आवाज ऐकून मामी मुकाट्याने बसल्या. डॉक्टरिणीने नवी नळी काढली. मामांनी मामींची पिशवी आपल्या मांडीवर घेतली आणि पडद्याकडे डोळे लावले. आपल्यापेक्षा दुसऱ्या कुणाचा श्वास चांगला निघावा, असं मामांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.