बाबांच्या मेंदूचा आलेख

धंतोलीतल्या आमच्या दवाखान्यात मेंदूच्या लहरी टिपायचं मशीन आलं, ते १९७२ साली. टेबलाएवढं ते धूड. सरकत्या कागदावर शाईच्या बारीक पेना खरखर करत रेघा काढायच्या. ते चालवायला डॉक्टरांनी शोभाला घेतलं. मी तिथेच नर्स होते, वयाने तिच्याच बरोबरीची. डॉक्टरांनी तिला शिकवलं सगळं, पण सरावाला डोकं कुणाचं घ्यायचं? शोभा सरळ आपल्या वडिलांनाच घेऊन आली.

रुपराव मूळचे पारशिवनीकडचे. शेती भावावर सोपवून नागपुरात आले आणि आमच्या दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर त्यांनी सायकलचं दुकान टाकलं. तेव्हा अर्धं नागपूर सायकलवर होतं. उन्हाळ्यात त्यांच्या दुकानासमोर कडुलिंबाखाली माठ असायचा. हवा भरायला आलेला माणूस पाणी पिऊन, तासभर बोलून मगच निघायचा.

शोभा त्यांच्या केसांत चिकट लेप लावून तारा बसवायला लागली, तर म्हणाले, "एवढा चिखल करून राहिली वं. पीक घेतं का माह्या डोक्यात?"

"बाबा, हलू नका. डोळे मिटा."

पेना चालू लागल्या. एकसारख्या, दाट लाटा आल्या. डोळे उघडायला सांगितले तशा त्या विरल्या. मिटल्यावर पुन्हा हजर. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, "पुस्तकात छापावा असा आलेख आहे, रुपराव!" पुढे कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला ते हेच ऐकवत होते.

नऊ वर्षांनी एका सकाळी रुपरावांनी एक चाक जोडलं आणि त्यातले बेअरिंगचे छर्रे वाटीतच राहिले. गिऱ्हाईक हसलं, तेही हसले. महिन्याभरात तोच प्रश्न दहा वेळा विचारू लागले. मग एक दिवस रामदासपेठेतून एका ओळखीच्या माणसाने त्यांना हाताला धरून घरी आणलं. सायकल कुठे ठेवली ते त्यांना सांगता येईना. नागपूरची गल्लीन् गल्ली पालथी घातलेला माणूस!

रक्त तपासून झालं, बाकी तपासण्या झाल्या. लहरींच्या तपासणीच्या दिवशी मी म्हटलं, "आज मी बसवते तारा." शोभाने नकारार्थी मान हलवली आणि स्वतःच लेपाची वाटी घेतली.

या खेपेला रुपरावांनी चिखलाची थट्टा केली नाही. डोळे मिटले. पेना चालल्या, पण लाटा रुंद, मंद, एकीचा दुसरीला मेळ नाही. डोळे उघडले तरी कागदावर फारसा फरक पडेना. शोभाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शेवटपर्यंत तपासणी पूर्ण केली. मग त्यांचे केस कोमट पाण्याने सावकाश धुतले.

डॉक्टरांनी तिला समोर बसवलं. "नुसत्या या कागदावरून मी काही म्हणालो नसतो, शोभा. पण बाकीची लक्षणंही तेच सांगतात. मेंदूतल्या पेशी मरताहेत, त्यांच्यातले जोड तुटताहेत. आठवण ठेवायला आणि परत काढायला पुष्कळ पेशींना एका लयीत चालावं लागतं. ती लयच बिघडत चालली आहे."

"औषध?"

"आज तरी माझ्याजवळ नाही."

दुकान बंद झालं. रुपराव हळूहळू शोभाला गोपिका म्हणू लागले. गोपिका म्हणजे त्यांची धाकटी बहीण, कधीच वारलेली. शोभा दर वेळी सांगायची, "बाबा, मी शोभा." ते चिडायचे, घाबरायचे, दाराकडे धावायचे. ती दमून जायची.

एका दुपारी मी त्यांच्या घरी गेले होते. रुपराव म्हणाले, "गोपिके, पऱ्हाटीत जाऊन आली का वं?"

शोभा त्यांच्याजवळ येऊन बसली. गावाकडच्या कापसाच्या शेतातून आल्यासारखी म्हणाली, "हो गा दादा. आताच आली."

त्यांचा चेहरा असा निवळला की काय सांगू. जवळ सरकून म्हणाले, "माह्या पोरीले पाह्यलं तू? दवाखान्यात मोठी मशीन चालवते. डाक्टर तिले विचारून राहतो."

"तिले सांगितलं का तुमी कधी?"

"तोंडावर कसं सांगू वं? लाजते ते." मग हळूच म्हणाले, "मलेही नाई जमत."

शोभा उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. ती रडत होती आणि हसतही होती. "इतकी वर्षं एका शब्दाने बोलले नाहीत गं," एवढंच म्हणाली.

त्यानंतर तिने नाव दुरुस्त करणं सोडलं. संध्याकाळी ती गोपिका व्हायची आणि ते तिला पेंच नदीतली वाळू, आमराई, मेळ्यात हरवलेलं गोऱ्हं, सगळं सांगायचे. ती दोन वर्षं बरी गेली. नंतर शब्दही सरले. १९८४ च्या थंडीत, तिच्या मांडीवर डोकं असताना ते गेले.

तेरावं झाल्यावर शोभा पुन्हा मशीनवर रुजू झाली. विदर्भातून कुठून कुठून म्हातारी माणसं यायची, सोबत वैतागलेल्या लेकी-सुना. "आमाले ओळखतच नाई, बाई," म्हणायच्या. तारा काढून झाल्या की शोभा त्या लेकी-सुनांना बाहेर बाकावर नेऊन विचारायची, "मग ते तुमाले कोण समजून बोलते?"

आणि त्यांचं सगळं सांगून होईपर्यंत बसून राहायची.