हुलुसीचं पंक्चर

शहाद्यातल्या आमच्या पंक्चरवाल्याला गळणारी हवा सहन होत नाही. मी उसासा टाकला तरी तो वळून माझ्याकडे संशयाने पाहतो. मोबाइलवर बघून त्याने हुलुसी नावाची चिनी बासरी बनवली. सुका भोपळा, त्यात खोचलेली बांबूची नळी, आत थरथरणारी पितळेची पट्टी. सूर इतका गोड, की गिऱ्हाइकं हवा भरायची विसरली.

मग सवयीने त्याने ती फुंकत घमेल्यातल्या पाण्यात बुडवली. नळीच्या सातही भोकांतून आणि खालच्या टोकातून बुडबुडे आले. त्याने सगळीकडे पॅच मारून बासरी माझ्या हातात दिली.

मी फुंकून लालबुंद झालो.

"अरे, वाजत नाही ही!"

"सर, हवा गळे तवय वाजे," तो समजुतीने म्हणाला. "आते बरी व्हई गई."