ऑनलाइन प्रशिक्षण

मी इस्लामपूरच्या एका शाळेत गणित शिकवते. नववीला संभाव्यता शिकवून स्टाफरूममध्ये यायचं आणि मोबाइलवर पैसे लावून रमी खेळायची, यात मला काही विसंगत वाटत नसे. घरी विचारलं की, "खात्याचं ऑनलाइन प्रशिक्षण आहे." शिक्षिकेला दुसरं निमित्त शोधावं लागत नाही. आमचे हे तर पाहुण्यांना कौतुकानं सांगत, "ही सारखी शिकतच असते."

सोन्याच्या बांगड्या गेल्या तेव्हा पॉलिशला दिल्यात असं मी म्हणाले. तेही खपलं. पण माझी कीर्ती मुख्याध्यापकांपर्यंत पोचली आणि त्यांनी सगळ्या शिक्षकांसमोर या प्रशिक्षणांवर बोलायला सांगितलं. आदल्या संध्याकाळी मी रडत यांना सगळं सांगून टाकलं. हे म्हणाले, "म्हणजे एकही प्रमाणपत्र नाही?"

दुसऱ्या दिवशी आजारपणाची रजा टाकली. ती पहिल्यांदाच खरी होती.

यांनीच चौकशी करून विश्रामबाग भागातला गट शोधला. जुगार सोडू पाहणारी माणसं रविवारी दुपारी एका क्लासच्या खोलीत जमतात. मी दारात दिसताच एक निवृत्त हवालदार लगबगीनं उठले.

"या ताई. मालकांना आत बोलवा, लाजायचं काय न्हाई."

"मालक घरी आहेत. खेळते मी."

मटका, तीनपत्ती, क्रिकेटचा सट्टा, सगळं पचवलेली ती माणसं हादरली. बाईमाणसानं जुगार खेळावा, हे त्यांच्या संस्कारांत बसेना. शेवटी हवालदारांनी खुर्ची सरकवली.

"बसा. सोताला लय हुशार समजत असाल?"

"हो."

"आमी बी तसंच समजत हुतो."

कितीतरी महिन्यांनी मी मोकळं हसले.

गटातल्या एका शिंपी चाचांनी त्यांचा नंबर दिला. हात शिवशिवले की मी त्यांना फोन करायची. ते उपदेश करत नसत. मशीन चालवत, कुठल्या गिऱ्हाइकानं ब्लाउजचा गळा तिसऱ्यांदा उसवायला लावला ते सांगत बसायचे. इतकं सविस्तर, की खेळायची इच्छा कंटाळून निघून जाई.

एकदा त्यांचाच फोन आला. मशीनचा आवाज नव्हता.

"बाई, आज मन लय वढतंय. कायतरी बोला."

मी त्यांना लसावि शिकवला. अर्धा तास.

"समजलं का, चाचा?"

"न्हाई. पण बरं वाटलं."

त्यानंतर आम्ही दोघंही खेळलेलो नाही. सध्या मसावि चाललाय.