जर्दाळू मागणारं बाळ

आमच्या अँटवर्पात वाल्बुर्गासारखी द्राक्षं चित्रात कोणी काढत नसे. खाली सही मात्र नवऱ्याची, गोमारची. बाईच्या हातची द्राक्षं गिऱ्हाइकांना आंबट लागतात म्हणे! जाऊ दे. लग्नाला वर्षं लोटली, संत अ‍ॅनापुढे मेणबत्त्या जाळून झाल्या, पण तिची कूस काही उजवली नव्हती. समोरून लेकुरवाळी येताना दिसली की ती बिचारी गल्लीच बदलायची.

अशा बाईच्या घरी उस्ताद लांबर्टांनी व्हीनसदेवीचं चित्र धाडलं. एका व्यापाऱ्याच्या लेकाच्या शेजघरासाठी. नव्या नवरीने गुटगुटीत बाळं रोज पाहिली की पोटी तशीच येतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. माणसं उस्तादांनी रंगवलेली, फळांची जागा कोरी. ती हिने भरायची. रीत एवढीच, की फळवाल्याने उस्तादांच्या माणसांना कुंचला लावायचा नाही.

वरचं कापड काढलं आणि वाल्बुर्गा आ वासून बघतच राहिली. भिंतभर उजेड! देवीच्या कातडीखाली रक्त खेळताना दिसावं, अशी ती काया. भोवती बाळंच बाळं, उघडी, लोण्यासारखी.

"अहो, श्वास घेताहेत हो ही," ती पुटपुटली. देवी परकी, त्यात नागडी, तरी तिने छातीवर क्रूस केला.

"बघत काय बसलीस? कामाला लाग," गोमार म्हणाला खरा, पण त्याचाही आवाज दबला होता.

तिने देवीची ओंजळ अंजिरांनी भरली, बाळांच्या हाती द्राक्षं दिली. पण कडेला एक चिमुरडं होतं. हात पसरून थेट तिच्याकडेच बघत होतं, आणि त्याच्यासाठी फळाची जागाच सोडलेली नव्हती. जन्मात कुठल्या पोराने तिच्याकडे खाऊ मागितला नव्हता. शेवटी तिला राहवेना. तिने त्या तळव्यावर पिकलेलं जर्दाळू काढलं आणि त्यावर इवलीशी बोटं मिटवली.

गोमारची पाचावर धारण बसली. "अगं, उस्तादांनी काढलेल्या बाळाला कुंचला लावलास? उद्यापासून काम कोण देणार आपल्याला?"

"तसंच ठेवलं असतं तर पडलं असतं हो त्याचं."

दुसऱ्या दिवशी उस्ताद हमालांना घेऊन आले. अंजिरांवर खूश झाले. मग नजर कडेला गेली.

"ही मूठ कोणी मिटली?"

"मी."

त्यांनी चिंधी तेलात बुडवली. वाल्बुर्गा आडवी आली. "पुसू नका, उस्ताद. पाया पडते. त्याने मागितलं होतं."

लांबर्टांनी तिला न्याहाळलं. "घरी मुलं किती, बाई?"

गोमारने मान खाली घातली.

"हा एवढाच," ती म्हणाली.

उस्तादांनी वाकून ती मूठ पुन्हा पाहिली. मग त्यांनी चिंधी टाकून दिली.

"सावकाश उचला रे," ते हमालांना म्हणाले, "पोराच्या हातातलं ओलं आहे अजून."