काकांची पाण्यातली रिक्षा

“खडू काय म्हणतो?” काका येताजाता हेच विचारायचे. वाघोडियाच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर लोखंडी टाक्या जोडल्या. वेल्डिंगला बाहेरून खडू फासायचा, आतून डिझेल लावायचं. खडूवर डाग उमटला की जोड गळका. निवृत्तीनंतर ही परीक्षा घरच्या डब्यांवर सुरू झाली. काकू म्हणाल्या होत्या, “साखरेचा डबा पास झाला हो, पण चहाला आठवडाभर डिझेलचा वास!”

समा या आमच्या वस्तीत काकांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. तुमच्याही सोसायटीत असा एखादा असेलच, ज्याच्या हातात पाना दिसला की बायका मिक्सर लपवतात.

विश्वामित्री नदीचं पाणी गल्लीत छातीभर चढलं, त्या सकाळी काकूंना श्वास घेता येईना. एक होडी आली, पण ती त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंतच नेऊ शकली. पुढे रस्त्याचा चढ कोरडा, त्याच्यापलीकडे पुन्हा पाणी. होडी चढावर चालत नाही, ट्रॅक्टर खोल पाण्यात शिरत नाही. दुसऱ्या होडीची वाट बघता बघता काकू त्या चढावरच गेल्या. काका त्यांच्यावर छत्री धरून बसले होते. नंतरही किती तरी वेळ त्यांनी ती मिटली नाही.

तेरावा झाला आणि काकांनी एक जुनी मालवाहू रिक्षा आणली. तिला खालून होडीसारखा पत्रा जोडला, मागे पाणी कापायचा पंखा बसवला. एक दांडा ओढला की चाकं फिरणार, दुसरा ओढला की पंखा. वर्षभर पार्किंगमध्ये ठोकाठोक चालली होती. मी चिडवायचो, “काका, नदीतली मगर आली तर?”

“तिलापण बेसाडी दईशुं, बसवून घेऊ! फक्त शेपटी आत घे म्हणावं.”

आजाऱ्याला निजवायला मागे एक फळी होती. ती फारच आखूड वाटली. “काका, उंच माणूस मावणार कसा हिच्यावर?”

ते फळी पुसत राहिले. “माप तिचं घेतलंय रे. दुसरं माप हाताला येतच नाही.”

मला तिथे उभं राहवेना.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पाणी आलं, आणि माझ्या आईच्या छातीत दुखायला लागलं. काकांनी गाडी काढली. आई फळीवर, तिचे पाय बाहेर, माझ्या मांडीवर. गल्लीतून गाडी तरंगत गेली, चढावर चाकांवर आली आणि मध्येच थांबली. काका रस्त्याच्या कडेला बघत बसले होते. मी ओरडलो, “काका, चला ना! झोपलात का?”

“हो, हो,” म्हणत त्यांनी गाडी पुढे घेतली. ते कुठे थांबले होते हे मला परत येताना कळलं. तो माझा आवाज मला अजून विसरता येत नाही.

आई वाचली. हे सांगायला मी गेलो, तेव्हा काका उंबऱ्यावर बसले होते. “चालते रे गाडी,” ते म्हणाले. मग तोंडावर हात धरून रडायला लागले. “एकच वर्ष उशीर झाला मला.”

या उन्हाळ्यात काका झोपेतच गेले. सोसायटी म्हणते, गाडी भंगारात देऊ. मी अडवून धरलंय. गेल्या आठवड्यातल्या पावसात ती उघड्यावर राहिली आणि आतून काठोकाठ भरली. चार दिवस ऊन पडलं तरी पाणी तसंच होतं. काल मी खडू आणला, खाली बसून सगळ्या जोडांना फासला आणि तासभर बघत राहिलो.

“कोरडा आहे, काका,” मी म्हणालो.