चांगुणाबाईंनी तळलेला आखाड

चांगुणाबाईंचं माहेर पाथर्डीकडचं, करडईच्या मुलखातलं. श्रीगोंद्याजवळच्या मळ्यात नांदायला येऊन त्यांना पंचवीस वर्षं झाली. नवरा भिमाजी, पाटाचं पाणी, उसाची पाचट, सगळ्यांशी त्यांचं जमलं. शेंगदाण्याच्या तेलाशी मात्र जमलं नाही. "तेल त्ये करडईचं," त्या म्हणत, "बाकी नुसतं वंगन."

दुसरी अडचण जिभेची. जावई मच्छिंद्र नगरच्या लष्करी छावणीत कारकून. गेल्या आखाडात तो जेवत असताना बाई सहज बोलून गेल्या, "पाव्हनं, पोटाला तळ हाय का न्हाई?" त्या हसल्या, तो ताटावरून उठला. तेव्हापासून बायकोला, म्हणजे पुष्पावतीला, माहेरी पाठवायचं तर तो एसटी स्टँडपर्यंत येई आणि तिथूनच परत फिरे. सासूला ते वर्षभर आतल्या आत सलत होतं.

एकाहत्तर सालच्या आखाडात पुष्पा निरोप घेऊन आली.

"येतो म्हनलेत, आई. पर आखाड तळायचा तर औंदा कोंबडी तळा म्हनं. मेसमधी करत्यात तशी. कापण्या नगं."

आखाडात घरोघरी गूळ-कणकेच्या कापण्या तळतात. त्या कढईत कोंबडी आजवर कुणी सोडली नव्हती. पण रुसलेला जावई काय कापणीवर परततो?

भिमाजी बाजारातून शेंगदाण्याचं तेल आणि दुकानदाराच्या शब्दाखातर वनस्पती तुपाचा डबा घेऊन आले. बाईंनी डब्यात बोट घातलं, वास घेतला.

"मेनबत्ती वितळवून आनली का?"

"अगं, हाटेलवाले ह्यातच तळत्यात."

"मग जेवा तिथंच. सासरा-जावई जोडीनं."

शेवटी माहेरहून घाण्याचं करडईतेल आलं. बाईंनी ते उजेडात धरून पाहिलं, तळहातावर चोळलं, तापवून कच्चा वास मारायला त्यात चिंचेचा गोळा सोडला, फेस बसवला. मुलीचं स्थळ पाहतानाही एवढी चौकशी झाली नव्हती.

"आई, मैदा लावत्यात म्हनं."

"मैद्याची खळ करत्यात. कोंबडी भिताडाला चिकटवायचीय का?"

मग तांदळाचं पीठ, अंडं, लसूण, काळा मसाला. मच्छिंद्र इस्त्रीच्या कपड्यांत येऊन पाटावर बसला, तोवर तुकडे विटेसारखे लाल झाले होते आणि वास पार बांधावर गेला होता.

त्यानं तंगडी उचलली, चावली, ओढली. तंगडी तुटेना. दुसऱ्या बाजूनं प्रयत्न केला. भिमाजींनीही एक तुकडा तोंडात घातला आणि विचारात पडल्यासारखे चघळत राहिले.

"कोंबडा कंचा धरला?"

"तांबडा."

"अगं, त्यो पुष्पीच्या लग्नाच्या आधीचा!"

तेलाचं कूळ, पिठाचं गोत, सगळं पाहिलं होतं. कोंबड्याचं वय कुणी विचारलंच नव्हतं. मेसमधल्या पांढऱ्या पिल्लांची गोष्ट वेगळी. गावरान म्हातारा आधी शिजवावा लागतो, हे बाईंना काय ठाऊक नव्हतं? पण करडईच्या नादात त्या विसरल्या.

आता हा पुन्हा उठणार, असं वाटून बाईंचं तोंडच मिटलं. डोळे भरले. मच्छिंद्र टोमण्याची वाट पाहत होता. टोमणा येईना, तसा तोच कासावीस झाला.

"मामी, बोला की कायतरी. तुमी गप बसल्या की घास उतरत न्हाई."

"घास न्हाई, पाव्हनं," बाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "कोंबडाच उतरत न्हाई."

मच्छिंद्र एवढ्या जोरात हसला की हातातली तंगडी ताटाबाहेर गेली.

मग सगळे तुकडे पाण्यात घालून पातेलं पुन्हा चुलीवर चढलं. पुष्पा वाटण वाटायला बसली. फुंकणी जावयानंच घेतली. बाई नको-नको म्हणत राहिल्या आणि लाकडं मात्र त्याच्याच हातात देत गेल्या. कोंबडा नमेपर्यंत दिवस मावळला, नगरची शेवटची एसटी निघून गेली, आणि राखेनं माखलेल्या विजारीतला मच्छिंद्र विचारत होता, "मामी, अंथरून कुठं टाकू?"